खारं इंग्रजी

आपल्याकडे उत्तम गोष्टीला ‘ए-वन’ म्हणायची पद्धत आहे. चहा ए-वन असतो, हापूस ए-वन असतो, होणाऱ्या सुनेच्या माहेरची माणसं ए-वन असतात (निदान साखरपुड्यापर्यंत). पण हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला कुठून, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. तो आला लंडनच्या ‘लॉइड्स रजिस्टर’मधून. अठराव्या शतकात तिथल्या विमेवाल्या मंडळींनी जहाजांची एक यादी ठेवायला सुरुवात केली. जहाजाच्या सांगाड्याला एक अक्षर आणि नांगर, साखळदंड, दोरखंड वगैरे सरंजामाला एक आकडा. सांगाडा पहिल्या प्रतीचा आणि सरंजामही पहिल्या प्रतीचा, तर जहाज ए-वन. म्हणजे ज्या शब्दाने आपण कांदाभज्यांचं कौतुक करतो, तो मुळात ‘हे सहसा बुडणार नाही’ एवढंच सांगत होता. भज्यांच्या बाबतीत तेवढीही हमी नसते.

हे आठवायचं कारण असं की परवा शेजारची मुलगी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या डिप्लोमाचं पुस्तक घेऊन आली. “काका, तुम्ही शिपिंगमध्ये होतात ना? मग हे शिप्स रेल म्हणजे काय? जहाजाला रेल्वे कशाला?” फोर्टातल्या एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत मी उमेदीची काही वर्षं काढली, हे खरं. पुस्तक चाळून पाहिलं. दीडशे-दोनशे शब्द आणि प्रत्येकापुढे एका ओळीत अर्थ. मुलं ते पाठ करून परीक्षेला बसणार. मला ती यादी गावाबाहेरच्या वीरगळांसारखी वाटली. दगड उभे आहेत ओळीने, पण कोण कशापायी मेला हे सांगणारा कुणी उरलेला नाही. कारण या भाषेतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली कुणाचा तरी माल, कुणाचा तरी पैसा किंवा कुणाचा तरी जीव बुडालेला आहे.

सुरुवातीला या भाषेची सगळी भिस्त देवावर होती. जहाजाच्या कप्तानाने ‘माल मिळाला’ म्हणून द्यायची जी पावती, जिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, ती जुन्या काळी चक्क ‘देवाच्या कृपेने’ सुरू व्हायची आणि ‘परमेश्वर हे चांगलं जहाज सुखरूप बंदराला लावो, आमेन’ अशी संपायची. मात्र देवावर भरवसा टाकूनसुद्धा मंडळी त्या पावतीच्या तीन अस्सल प्रती करत. एक प्रत टपालाच्या बोटीबरोबर बुडाली तर दुसरी असावी, म्हणून. श्रद्धा आणि व्यवहार यांची इतकी सुरेख फोड मी फक्त आपल्या सत्यनारायणाच्या पूजेच्या हिशेबात पाहिली आहे.

विम्याच्या कागदाची कथा याहून मजेची. लॉइड्सने १७७९ साली एक छापील नमुना मंजूर केला. कशाकशापासून नुकसानभरपाई मिळेल त्याची त्यात यादी होती. समुद्र, युद्धनौका, आग, शत्रू, चाचे, भटके लुटारू, चोर, राजेरजवाड्यांनी केलेली अडवणूक, शिवाय खुद्द कप्तान आणि खलाशी यांची लबाडी. वाचताना विम्याचा कागद आहे की पोवाडा, असा प्रश्न पडावा. १७९१ साली बुलर नावाच्या न्यायाधीशांनी हा कागद ‘हास्यास्पद आणि असंबद्ध’ असल्याचं भर कोर्टात सांगितलं. त्यावर इंग्रजांनी काय करावं? तोच कागद आणखी १९० वर्षं वापरला! नवा नमुना आला तो १९८२ साली. मधल्या काळात कापडाच्या गाठींवर, यंत्रांवर आणि मसाल्यांवर विमा उतरवणारे सभ्य गृहस्थ चाचे आणि राजपुत्र यांच्याविरुद्धच संरक्षण घेत होते. आपल्याही १९६३ च्या सागरी विमा कायद्याला हा नमुना शेवटी जोडलेला आहे.

याला खुळेपणा म्हणायचा मोह होतो. पण आमचे हेडक्लार्क म्हणत, “अरे, त्यातल्या एकेका शब्दावर दहा-दहा खटले झालेत. त्याचा अर्थ ठरवायला लोकांनी घरंदारं विकलीत. तू उद्या नवीन चांगला शब्द घालशील, पण त्याचा अर्थ ठरवायला पुन्हा पैसे कोण देणार? तुझा बाप?” आमच्या वडिलांचा शिपिंगशी काही संबंध नव्हता, त्यामुळे मी गप्प बसलो. पण म्हणणं खरं होतं.

आता आपल्या मुंबईचीच गोष्ट घ्या. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्यांचे प्राण कंठाशी आले आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं जुनी माणसं सांगत. अशा दिवसांत लिव्हरपूलला एक सौदा झाला. सुरती कापसाच्या १२५ गाठी, पौंडाला सव्वासतरा पेन्स, ‘मुंबईहून पीअरलेस जहाजाने येणार’. कागदावर लिहिलेलं सगळं स्पष्ट. शंका घ्यायला जागाच नाही.

पीअरलेस म्हणजे अद्वितीय, जिला जोड नाही अशी. घात इथेच झाला. मुंबईहून निघालेल्या अद्वितीय बोटी दोन होत्या! एक ऑक्टोबरात निघाली, एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरातली, देणाऱ्याच्या मनात डिसेंबरातली. भाव रोज वरखाली होत असताना दोन महिने म्हणजे दोन जन्म. डिसेंबरातली बोट लागली, देणारा गाठी घेऊन उभा राहिला आणि घेणारा म्हणाला, “ही ती नव्हे.”

आपल्याकडे एकाच गल्लीत दोन ‘मातृछाया’ असतात आणि पोस्टमन त्यातून मार्ग काढतो. पण इथे पोस्टमन नव्हता, कोर्ट होतं. १८६४ साली ‘रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस’ या नावाने खटला उभा राहिला. घेणाऱ्याच्या वकिलांचा युक्तिवाद चालू असतानाच न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि निकाल प्रतिवादीच्या, म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने दिला. एका ओळीत. कारण सांगितलंच नाही. तेव्हापासून जगभरचे कायद्याचे प्राध्यापक ते कारण शोधताहेत. दोघांच्या मनांचा मेळच बसला नाही म्हणून करारच झाला नाही, असं बहुतेक जण शिकवतात. आमच्या धोलेऱ्याकडच्या कापसाने इतक्या विद्वानांच्या संसाराला हातभार लावला, ही अभिमानाची गोष्ट आहे. हल्ली कागदोपत्री जहाजाच्या नावापुढे फेरीचा क्रमांक लिहिलेला दिसतो. मुलं तो डोळे मिटून उतरवून घेतात. दोन अद्वितीयांची गोष्ट एकदा ऐकली की तो क्रमांक विसरता येत नाही.

पुढे तारा आल्या. १८७० साली मुंबई-लंडन समुद्री तार जोडली गेली आणि महिन्याचं काम तासांवर आलं. पण तारेला शब्दागणिक पैसे. मग व्यापाऱ्यांनी जाडजूड सांकेतिक कोश काढले. एका शब्दात अख्खं वाक्य. फिलाडेल्फियाच्या प्रिमरोज नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने आपल्या दलालाला असाच ‘बे’ हा शब्द पाठवला. त्याचा अर्थ ‘मी खरेदी केली आहे’. तारवाल्यांच्या हातून एक अक्षर बदललं आणि पोचलं ‘बाय’, म्हणजे खरेदी कर! दलाल इमानी. त्याने तीन लाख पौंड लोकर घेऊन टाकली. वीस हजार डॉलरांवर बुडाले. १८९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रिमरोजना भरपाई मंजूर केली ती एक डॉलर पंधरा सेंट. तारेचा आकार परत.

बरं, ती शिप्स रेल. ही रेल म्हणजे जहाजाचा कठडा. एफ. ओ. बी. सौद्यात माल कठडा ओलांडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची, ओलांडल्यावर घेणाऱ्याची. आमच्या हेडक्लार्कनी मला हे एका वाक्यात शिकवलं होतं, “नवरी माप ओलांडेपर्यंत बापाची.” आणि सी. आय. एफ.? “तिथे बाप सासरपर्यंतचं भाडंही भरतो, वाटेतला विमाही भरतो. पण जोखीम मात्र कठड्यापासूनच सासरची.” (ही उपमा आजच्या मुलींसमोर देण्याची सोय नाही. शेजारच्या मुलीला मी क्रिकेटच्या सीमारेषेवर भागवलं.)

आता प्रश्न असा, की नवरी मापावर असताना अडखळली तर? ‘पायरीन’ या कंपनीने भारत सरकारला आगीचे बंब विकले होते, एफ. ओ. बी. लंडन. नेणारं जहाज ‘जलआझाद’, मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं. ही कंपनी १९१९ साली उभी केली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी आणि नरोत्तम मोरारजींनी. ५ एप्रिल १९१९ ला तिचं ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं, आणि त्याच तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. तर एक बंब जहाजाच्या यारीने उचलला, हवेत झुलला आणि कठडा ओलांडायच्या आतच खाली आदळला. दुरुस्ती ९६६ पौंड. जहाज कंपनी म्हणाली, आमच्या नियमाप्रमाणे २०० पौंडांवर दमडी मिळणार नाही. पायरीन म्हणाली, माल कठड्याआड गेलेलाच नाही, मग तुमचा नियम लागू कसा?

१९५४ साली न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी २०० पौंडच धरले. पण जाता जाता त्यांनी त्या कठड्याची जी खिल्ली उडवली ती वकील मंडळी अजून चवीने सांगतात. कठड्यातून एक काल्पनिक भिंत आकाशात गेली आहे, यारीच्या टोकाला माल झुलतो आहे आणि त्याबरोबर जबाबदारीही इकडून तिकडे हेलकावते आहे, हा देखावा अति उत्साही वकिलालाच गोड वाटेल, अशा अर्थाचं ते बोलले. एवढं ऐकूनही व्यापाऱ्यांच्या जागतिक मंडळाने, इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने, आपल्या नियमांतून तो कठडा काढला तो थेट २०१० साली. मुलीच्या पुस्तकात मात्र तो अजून शाबूत आहे. मी पेन्सिलीने खूण करून दिली.

कागदावर असं गुंतागुंतीचं इंग्रजी चालतं, पण समुद्रावर ते चालत नाही. तिथे धुक्यात समोरून येणाऱ्या जहाजावर वेगळ्याच देशाचा अधिकारी असतो आणि दोघांचंही इंग्रजी उसनं. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली ठराविक वाक्यांचा एक संचच मंजूर केला. त्यात सभ्यतेला रजा दिलेली आहे. ‘मे आय एंटर?’ विचारायचं नाही. आधी ‘प्रश्न’ असं जाहीर करायचं आणि मग ‘मला आत यायची परवानगी आहे का?’ आकडे सुटे बोलायचे. एकशेपन्नास म्हणजे एक, पाच, शून्य. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ ही संदिग्ध मंडळी टाळायची. आपल्याकडे ‘बघू’, ‘येतो बहुतेक’, ‘तसं जमायला हरकत नाही’ एवढ्यावर लग्नं ठरतात. पण दोन जहाजं ‘बघू’ म्हणत समोरासमोर आली तर काय होईल, याची कल्पना करवत नाही.

आणि साहेबाला ही अडचण फार पूर्वी आली होती, तीही आपल्याच माणसांमुळे. त्याच्या जहाजांवर खलाशी म्हणून रत्नागिरीकडचे, गुजरातेतले, बंगालचे लष्कर असत. त्यांना इंग्रजी येत नसे आणि शिकायची घाईही नसे. सारंग, तांडेल यांची स्वतःची भाषा होती, हिंदुस्थानी, फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी असं सगळं एका कढईत परतलेली. शेवटी १८११ साली कलकत्त्याला थॉमस रोबक यांनी इंग्रजी आणि हिंदुस्थानी दर्यावर्दी शब्दांचा कोश छापला. तो साहेबांनी शिकायचा होता! तांडेलाने शिकवलेलं ‘हबेस’ म्हणजे वर ओढ आणि पोर्तुगीजांकडून आलेलं ‘आर्या’ म्हणजे खाली सोड. मुंबईच्या गोदीत हे दोन्ही शब्द मी रोज ऐकायचो. यारीवरच्या माणसाला एफ. ओ. बी. ठाऊक नसे, पण ‘आर्या’ म्हटलं की पेटी अलगद खाली यायची.