अमेरिकन गेला, लायब्ररी राहिली: जनार्दन कुडाळकर कोण होते?

भारतातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास वाचायला घेतला की दोन नावं हमखास भेटतात. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि त्यांनी अमेरिकेतून आणलेले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन. तिसरं नाव बहुतेक वेळा एका ओळीत उरकलं जातं, ते जनार्दन सखाराम कुडाळकर यांचं. खरं तर बॉर्डन बडोद्यात तीनच वर्षं होते.

आधी पार्श्वभूमी. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळा सुटल्यावर हातात पुस्तकच आलं नाही, तर शिकलेलं पोर चार वर्षांत अक्षरं विसरणार, ही अडचण लगेच समोर आली. अमेरिकेच्या दौऱ्यात महाराजांनी तिथली मोफत सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनहून बॉर्डन यांना बोलावलं आणि राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिला. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला. भारतात ग्रंथपालाच्या कामाचं रीतसर प्रशिक्षण इथूनच सुरू झालं असं मानलं जातं. लाहोरला असा वर्ग निघायला १९१५ उजाडलं.

१९१३ मध्ये बॉर्डन मायदेशी परतले आणि खातं कुडाळकरांच्या हाती आलं. ते एम.ए., एल्एल.बी. होते, म्हणजे त्या काळात वकिली किंवा मोठी सरकारी नोकरी सहज मिळावी असं शिक्षण. पद होतं 'क्युरेटर ऑफ स्टेट लायब्ररीज'. फक्त एका इमारतीचा नाही, तर संस्थानभरच्या वाचनालयांचा कारभार त्यांच्याकडे होता.

ही वाचनालयं चालायची कशी, हा भाग नीट पाहण्यासारखा आहे. गावाने वर्गणी काढायची. तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देणार आणि तेवढीच सरकार. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन व्हायचे, पण पहिला रुपया गावाचाच हवा. मर्यादाही ठरलेली होती: खेड्याला वर्षाला शंभर रुपयांपर्यंत, मोठ्या गावांना त्याहून जास्त. फुकट मिळालेलं कपाट धूळ खात पडतं. स्वतःचे पैसे घातले की गावकरी चौकशी करतात. योजनेतली हुशारी इथेच होती.

जिथे वाचनालय नव्हतं तिथे फिरत्या ग्रंथालयाची पेटी जायची. एका पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तकं. वाहतुकीचा खर्च सरकारचा, वाचकाला काही द्यावं लागत नसे. ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांच्यासाठी खात्याची वेगळी शाखा होती, ती गावोगावी मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवायची. ग्रंथालय खात्याने निरक्षरांचाही विचार करावा, हे आजही नवीन वाटेल!

मध्यवर्ती ग्रंथालयाने १९१२ मध्ये 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक काढलं. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून १९१६ मध्ये 'गायकवाड्स ओरिएंटल सिरीज' सुरू झाली. तिचं पहिलं पुस्तक राजशेखराची 'काव्यमीमांसा'.

१९१९ हे वर्ष कुडाळकरांच्या कारकिर्दीत महत्त्वाचं. त्यांचं 'द बडोदा लायब्ररी मूव्हमेंट' हे इंग्रजी पुस्तक निघालं. मद्रासला भरलेल्या अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषदेचे अध्यक्षही तेच होते. त्याच मद्रासमध्ये पाच वर्षांनी, १९२४ साली, एस. आर. रंगनाथन नावाचे गणिताचे प्राध्यापक विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्र म्हटलं की त्यांचंच नाव निघू लागलं.

बडोद्याच्या या योजनेला ग्रंथालय कायद्याचा आधार नव्हता, सगळं महाराजांच्या इच्छेवर होतं. असा कायदा देशात सर्वांत आधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. आज शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईसारख्या गावात वाचनालयाला सरकारी अनुदान हवं असेल, तर याच कायद्याखाली मान्यता घ्यावी लागते. मग अ, ब, क, ड यांपैकी दर्जा ठरतो आणि त्यानुसार पैसे मिळतात. वाचनालय चालवते मात्र गावातलीच संस्था. अनेक ठिकाणी पुस्तक घरी न्यायला वर्गणी भरावी लागते. बडोद्याच्या पेटीतलं पुस्तक मोफत मिळत होतं.