तेल अडवणाऱ्यांचं कूळ

७ सप्टेंबर २००० च्या रात्री उत्तर वेल्समधल्या सेंट आसाफच्या गुरांच्या बाजारात शेतकऱ्यांची सभा झाली आणि तिथून उठून शंभरेक शेतकरी व मालट्रकवाले चेशरमधल्या स्टॅनलो तेलशुद्धीकरण कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे ठाकले. टँकरचालक त्यांना ओलांडून जाईनात. दुसऱ्या कारखान्यांवर आणि साठवण-डेपोंवरही हेच झालं. आठवडाभरात ब्रिटनमधले हजारो पंप कोरडे पडले आणि पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना दौरा अर्धवट टाकून लंडनला परतावं लागलं. माणसं चिडली होती डिझेल महाग झालं म्हणून, आणि त्यांनी अडवलं काय, तर डिझेलच. ज्याच्यावाचून स्वतःचा ट्रॅक्टर हलत नाही तेच अडवायचं, यातली विसंगती आता सवयीनं कुणाला खटकत नाही. या रीतीचं कूळ शोधायचं तर मात्र त्या विसंगतीपासूनच निघावं लागतं.

कारण तिच्या पूर्वजात ही विसंगती नव्हती. सप्टेंबर १७७४ मध्ये फ्रान्सचे अर्थमंत्री त्युर्गो यांनी धान्याच्या व्यापारावरचे निर्बंध उठवले. त्याच हंगामात पीक बुडालं, भाव चढले आणि एप्रिल १७७५ च्या अखेरीस पॅरिसच्या उत्तरेला बोमाँ-सुर-वाझच्या बाजारात दंगल पेटली. इतिहासात तिला पिठाचं युद्ध म्हणतात. लोकांनी धान्याच्या गाड्या आणि नावा अडवल्या, पण अनेक ठिकाणी तो माल नुसता लुटला नाही. आपल्याला रास्त वाटेल तो भाव ठरवून त्या भावानं विकायला लावला. इंग्लंडमध्येही अठराव्या शतकात हेच चालायचं. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९७१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दाखवलं, की या जमावांमागे भूक होती तशी रास्त भावाची पक्की कल्पनाही होती. तिथे गाडी अडवणाऱ्याला गाडीतला माल हवा होता, आणि त्याचा वैरी होता माल बाहेर नेणारा व्यापारी. स्टॅनलोच्या फाटकावरच्या शेतकऱ्याला आतल्या टँकरमधलं डिझेल नको होतं. त्याला कारखान्याच्या पलीकडच्या कुणाला तरी गाठायचं होतं. अडवणूक तीच राहिली, पण तिचा रोख बदलला. तो बदलला तो इंधनाच्या भावात सरकारचा हात उघड दिसू लागला म्हणून, आणि जिथे तो हात दिसेनासा झाला तिथे नाकेबंदीही ढिली पडत गेली, असं माझं म्हणणं आहे.

पहिलं ठळक वळण १९७३ चं. अरब-इस्रायल युद्ध चालू असतानाच अरब देशांनी अमेरिकेला तेल नाकारलं. डिसेंबरच्या सुरुवातीला पेनसिल्वेनिया आणि ओहायोच्या महामार्गांवर ट्रकमालक-चालकांनी आपले ट्रक आडवे लावले. केबिनमधल्या सीबी रेडिओवरून बातमी पसरली. या रेडिओचं फार कौतुक होतं, पुढे मोबाइलचं आणि फेसबुकचं झालं तसंच, पण यंत्रानं माणसं गोळा होतात, त्यांचा रोख ठरत नाही. तेल नाकारणारे दूर अरबस्तानात होते आणि चालकांच्या मागण्या मात्र वॉशिंग्टनकडे होत्या. याला आंधळा राग म्हणता येत नाही. तेव्हा आंतरराज्य मालवाहतुकीच्या भाड्यावर सरकारी आयोगाचं नियंत्रण होतं. खर्च वाढला तरी भाडं वाढवायची मुभा नव्हती, म्हणजे गळ्याशी हात सरकारचाच होता. १९७४ च्या आरंभीच्या दुसऱ्या बंदनंतर तडजोड झाली तीही याच जागी: भाड्यावर ६ टक्के अधिभार लावायची परवानगी.

ब्रिटनमध्ये हा हात कराचा होता. १९९३ पासून तिथे इंधनावरचा कर दरवर्षी महागाईच्या दरापेक्षा ठरावीक टक्क्यांनी जास्त वाढवायचा नियम होता; आधी ३, मग ५, मग ६ टक्के. १९९९ च्या अखेरीस तो मागे घेतला, पण तोवर पंपावरच्या किमतीत कराचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या वर गेला होता. २००० मधली भाववाढ मुख्यतः कच्च्या तेलाची होती, हे खरं. तरीही ती सोसणाऱ्याला बोट दाखवायला जागा होती. ऑगस्टच्या अखेरीपासून फ्रान्समध्ये मच्छीमारांनी बंदरं आणि ट्रकवाल्यांनी कारखाने अडवून सवलती पदरात पाडल्याचं ताजं उदाहरणही समोर होतं. २०११ नंतर दहा-बारा वर्षं ब्रिटनच्या एकाही अर्थमंत्र्यानं हा कर वाढवला नाही. त्यात त्या आठवड्याच्या धाकाचा वाटा असावा, असं मानायला जागा आहे.

यावर आक्षेप येईल, की माणसं भावामुळे रस्त्यावर येतात; भाव कोण ठरवतं याची चौकशी रिकामा खिसा करत नाही. पण मग नोव्हेंबर २०१८ चं फ्रान्स कसं समजावं? १७ नोव्हेंबरला पिवळी जाकिटं घालून पावणेतीन लाखांच्या वर लोक चौकाचौकांत उतरले, तेव्हा कच्चं तेल ऑक्टोबरपासून घसरणीलाच लागलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे होती जानेवारी २०१९ पासून लागणारी जाहीर करवाढ, डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट. जाकिटंही सरकारनंच २००८ मध्ये गाडीत ठेवायला लावलेली, हा एक गमतीचा योग. डिसेंबरात ती वाढ मागे घ्यावी लागली. नायजेरियात १ जानेवारी २०१२ ला अनुदान काढलं आणि पेट्रोल ६५ नायरांवरून एका रात्रीत १४१ च्या घरात गेलं. देशव्यापी संपापुढे सोळाव्या दिवशी ते ९७ वर आणावं लागलं. दोन्हीकडे वाढीला निर्णय करणारा होता आणि तारीखही होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आपल्या पूर्वजाकडूनच येतो. त्युर्गोनं भावावरचा हात काढून घेतला होता, मग दंगल का झाली? याचं उत्तर मला हात काढण्याच्या वेळेत दिसतं. त्यानं व्यापार मोकळा केला तो पीक बुडण्याच्या तोंडावर, त्यामुळे हात काढणं हाच निर्णय भाववाढीचा जनक ठरला. भारतानं डिझेल मोकळं केलं ते ऑक्टोबर २०१४ मध्ये, कच्चं तेल कोसळत असताना. त्याआधी आपल्याकडेही दरवाढ म्हणजे दिल्लीहून घोषणा आणि मध्यरात्रीपासून लागू. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते सरकारी दरवाढीविरुद्धच. ती बैलगाडी पुढे सगळ्याच पक्षांनी आलटून पालटून जुंपली. जुलै २०२१ मध्ये मुंबईतल्या काँग्रेसच्या मोर्चात तर कार्यकर्त्यांच्या भारानं ती मोडूनच पडली. २५ जून २०१० ला पेट्रोल साडेतीन रुपयांनी वाढलं आणि दहाव्या दिवशी, ५ जुलैला, भारत बंद झाला. उलट नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्रानं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, पेट्रोलवर लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. देश थांबवणारी नाकेबंदी त्यावरून झाली नाही, कारण घसरत्या तेलाच्या आड ही वाढ पंपावर जाणवलीच नाही.

१६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी बदलू लागले. १० सप्टेंबर २०१८ चा भारत बंद त्यानंतरचा, हे खरं. परभणीत पेट्रोल तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होतं. पण तो विरोधी पक्षांनी पुकारलेला एका दिवसाचा बंद होता. ४ ऑक्टोबरला केंद्रानं दीड रुपया शुल्क कमी केलं आणि तेल कंपन्यांना एक रुपया सोसायला सांगितलं. म्हणजे बाजारावर सोडलेला भाव मंत्र्यांच्या शब्दानं उतरला. नोव्हेंबर २०२१ पासून, पाच राज्यांच्या निवडणुका होऊन जाईपर्यंत, हाच रोज बदलणारा भाव १३७ दिवस जागचा हलला नाही. मग २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा, बहुतेकदा ८० पैशांच्या हप्त्यानं, १० रुपये वाढले. सरकारचा हात गेला नव्हता, फक्त बोट दाखवायला ठरावीक दिवस उरला नव्हता.

वाहतूकदारांना ही अडचण आधीच भोवली होती. जुलै २०१८ मध्ये ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसनं २० ते २७ तारखेपर्यंत चक्का जाम केला, तेव्हा डिझेल स्वस्त करा या मागणीबरोबर आणखी एक मागणी होती: भाव रोज बदलू नका, तीन महिन्यांतून एकदा बदला. कारण साध्या हिशेबाचं होतं. भाडं एका भावानं ठरतं आणि फेरी संपेस्तोवर डिझेल वेगळ्याच भावाचं झालेलं असतं. पण ती मागणी मान्य झाली असती, तर वर्षातून चार वेळा दरवाढ पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाहीर करावी लागली असती. आठव्या दिवशी आश्वासनांवर संप मिटला. रोजचा बदल चालू राहिला.