सुपरचार्जर का टर्बो? भाच्याचा प्रश्न आणि आपल्या इंजिनांचा इतिहास

आज पोस्ट जरा मोठी आहे. निवांत वाचा. गाडीवेड्या पोरांच्या आई-बापांनी तर नक्की वाचा.

परवा सांगलीहून भाचा आला. त्याच्याकडं साधी पेट्रोल गाडी आहे, छोटी. चहा व्हायच्या आधीच म्हणाला, "मामा, गाडीला सुपरचार्जर बसवू का टर्बो?" पैसे कुठले, तर यंदाच्या हळदीच्या पट्टीतले. बहिणीनं पोराच्या हौसेसाठी बाजूला काढून ठेवलेले. त्यामुळं "तुला काय आवडतं ते कर" असं म्हणून मला सुटता येईना. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. इंजिनाची ताकद नुसत्या पेट्रोलवर नसते, हवेवर असते. जेवढी हवा आत जाईल तेवढंच इंधन नीट जळणार. हवा दाबून आत कोंबली की त्याच इंजिनातनं जास्त ताकद निघते. सुपरचार्जर आणि टर्बो दोघंही हेच काम करतात. फरक एवढाच की हवा दाबायची मजुरी कोण देतं.

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे इंजिनानं कमावलेल्या ताकदीतनंच त्याची मजुरी जाते. पण तो उधार ठेवत नाही, पाय दाबला की लगेच पिकअप. टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडं निघालेल्या गरम धुराच्या जोरावर. जी उष्णता वायाच जाणार होती तिच्यावर त्याचं पोट चालतं. पण धुराला जोर येईपर्यंत तो क्षणभर थांबतो, आणि भयंकर तापतो.

आता इतिहास बघा. अमेरिकेत कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० मध्ये हवा फेकणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते गाडीसाठी नव्हतंच. पुढं तीच रचना मोटारीत आली आणि १९२१ मध्ये मर्सिडीजनं बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या. गिऱ्हाईक कोण? श्रीमंत आणि शर्यतवाले. पेट्रोल किती जातंय हे त्यांना विचारायचंच नव्हतं.

टर्बोचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरचं, १९०५ सालचं. पण इतका ताप सोसणारा धातूच त्या काळी नव्हता. वीस वर्षं गेली. १९२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो लागला आणि त्यांची ताकद १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. म्हणजे टर्बो जन्मला इंधनाचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या घरात. जहाज, मग ट्रक, मग मोटार असा तो आला.

मोटारीत पहिल्यांदा आला तेव्हा फजितीच झाली. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर निघाली. इंजिन ठोकू नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण भरावं लागायचं, त्याला वेगळी टाकी. लोक ते भरायलाच विसरायचे. दुसऱ्या वर्षाअखेर गाडी बंद झाली आणि कित्येकांनी टर्बो काढून टाकले. टर्बो मोटारीत टिकला तो १९७८ च्या सुमारास, साब ९९ टर्बो आणि मर्सिडीजच्या टर्बो डिझेलपासून.

इथं भाचा म्हणाला, "मामा, ते सगळं परदेशातलं. आपल्याकडचं सांग."

आपल्याकडचंच सांगतो. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्याला लागूनच औंध संस्थान. त्या संस्थानात १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. इकडं साताऱ्यात धनजीशा कूपरांच्या कारखान्यातही सुरुवात नांगरानंच झाली, आणि पुढं १९३० च्या दशकात तिथं डिझेल इंजिन बनलं. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये ऑइल इंजिनचा कारखाना पुण्यात काढला. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवर इंजिनाचा तो टक टक आवाज चाळिशीपुढच्या सगळ्यांच्या कानात आहे.

त्या इंजिनाला ना टर्बो होता, ना सुपरचार्जर. कारण गरजच नव्हती. एकच सिलिंडर, १५०० फेरे, रात्रभर पाणी ओढायचं. बनवणाऱ्यांनी शेतकऱ्याचं काम आधी बघितलं आणि त्याला बेतून इंजिन केलं. म्हणून ती इंजिनं तीस-तीस वर्षं चालली.

मग टर्बोची गरज कुठं? घाटात. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळपास १२ टक्क्यांनी विरळ. साधी गाडी पसरणी घाटात दमते ती नुसत्या चढामुळं नाही, तिला श्वासही कमी मिळतो. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. १९९८ ची सफारी, २००२ ची स्कॉर्पिओ, मग २००७ ची स्विफ्ट डिझेल, या गाड्यांनी आपल्या भागात टर्बो हा शब्द घरोघरी नेला. धुराचे नियम कडक होत गेले तसा कंपन्यांनीही छोटं इंजिन आणि टर्बो हाच मार्ग धरला. रस्त्यावरच्या गाडीत टर्बो जिंकला तो या हिशेबावर.

पण "टर्बो जिंकला" म्हणजे "भाच्यानं टर्बो बसवावा" असं होत नाही.

कंपनीच्या टर्बो गाडीचे पिस्टन, ऑइलची वाट, कूलिंग, कॉम्प्युटर सगळं त्या दाबाला धरून केलेलं असतं. साध्या पेट्रोल इंजिनात हवा आधीच दहा-अकरा पट दाबली जाते. वरून आणखी कोंबली की नॉकिंग, मग रिंगा, पिस्टन, आणि शेवटी पूर्ण इंजिन काम. टर्बोनं काय किंवा सुपरचार्जरनं काय, यातनं सुटका नाही. मी स्वतः शिकलोय. माझ्या जुन्या डिझेल जीपला कंपनीचाच टर्बो होता. घाट चढून आलो की तशीच गाडी बंद करायचो. अर्धा-एक मिनिट चालू ठेवायला हवी होती, म्हणजे आतलं ऑइल जळत नाही. दोन वर्षांत टर्बो गेला. चूक माझीच.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसी बुकातल्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी बोट दाखवणार ते वेगळंच. किट विकणारा यातलं काही सांगत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं. ट्रॅकवरची गाडी असेल आणि लगेच पिकअप हवा असेल तर सुपरचार्जरचा विचार कर. रोजच्या रस्त्याला आणि घाटाला टर्बो चांगला. पण तो कंपनीनं बसवलेला घे, गाडी बदलून. वापरलेली मिळाली तरी चालेल.

भाचा गप्प बसला. चहा पिऊन म्हणाला, "विचार करतो." पैसे अजून बहिणीकडंच आहेत, हे तिनं काल फोनवर सांगितलं.

तुमच्या घरी विहिरीवर कुठलं इंजिन होतं? आणि कुणी गाडीला बाहेरनं टर्बो बसवून घेतला असेल तर खरा अनुभव लिहा, चांगला असो वा वाईट. भाचा कमेंट वाचतोय.