कात्रीने घडवलेला बँड

बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात १९३५ साली एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन हे टेपवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र मांडलं. तबकडीवर जे जमत नव्हतं, ते टेपवर सहज जमू लागलं : नको तेवढा आवाज कापून टाकायचा आणि उरलेली टोकं चिकटवायची.

ही सोय संगीतकारांनी लवकरच ताब्यात घेतली. कोलोनच्या नभोवाणीत १९५१मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ सुरू झाला आणि पुढे तिथेच कार्लहाइन्ट्स श्टॉकहाउझेन यांनी एका मुलाच्या गाण्याचे तुकडे यंत्रनिर्मित ध्वनींत मिसळून रचना बांधली. त्यांचे दोन शिष्य, इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय, यांनी १९६८मध्ये चक्क रॉक बँड काढला. नाव 'कॅन'. अभिजात संगीताच्या सोवळ्यात हे बसणारं नव्हतं. चुकायला रॉकची गोडी लावली ती त्याच्याकडे गिटार शिकणाऱ्या मिखाएल कारोलीने; तोही बँडमध्ये आला. ड्रमर याकी लीबेझाइट मुक्त जॅझमधला. तालाचं बंधन झुगारणाऱ्या त्या वादनाला कंटाळून तो एकच ठेका मिनिटंच्या मिनिटं, तसूभरही न ढळता वाजवू लागला होता. दामो सुझुकी हा जपानी तरुण तर १९७०मध्ये म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडला आणि त्याच रात्री मंचावर उभा राहिला.

कोणी गाणं लिहून आणत नसे. सगळे एकत्र, तासन् तास वाजवत आणि टेप फिरत राही. मुद्रण दोनच ट्रॅकवर, त्यामुळे एका वाद्याची चूक मागाहून वेगळी काढणं अशक्य. मग चुकाय कापाकापीला बसे आणि त्या ढिगातून गाणं निघे.

'टागो मागो' (१९७१) या दोन तबकड्यांच्या अल्बममधलं अठरा मिनिटांचं 'हॅलेलुवाह' असंच घडलं. त्याच वर्षी बँडने कोलोनजवळच्या वाइलरस्विस्टमध्ये जुन्या चित्रपटगृहाचा स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावल्या लष्कराच्या दीड हजार गाद्या! तिथलं 'स्पून' एका टीव्ही थरारमालिकेचं शीर्षकगीत झालं आणि बँडला जर्मनीत मोठं यश मिळालं.

उतरण आली ती सुधारित यंत्रामुळे. १९७५च्या सुमारास बहुट्रॅक मुद्रण आलं. आता प्रत्येकाला आपला भाग वेगळा वाजवता येऊ लागला, दुरुस्तही करता येऊ लागला. साहजिकच एकमेकांचं ऐकत वाजवण्याची निकड संपली. दशकाअखेर बँड थांबला.

चुकायची कापाकापी मात्र थांबली नाही. १९७९च्या 'पर्शियन लव्ह'मध्ये त्याने शॉर्टवेव्ह रेडिओवर सापडलेलं इराणी गायन टेपवर पकडून आपल्या वादनात गुंफलं. पुढे हिप-हॉपवाल्यांनी सॅम्पलर नावाच्या यंत्रावर हाच उद्योग चालवला. २००७मध्ये रॅपर कान्ये वेस्टने आपल्या एका गाण्यासाठी कॅनच्या १९७२च्या अल्बममधलं 'सिंग स्वान साँग' वापरलं, तेव्हा कापणाऱ्यांचंच गाणं दुसऱ्याच्या कात्रीखाली आलं होतं.