विहिरीचं पाणी, नळाचा जोर आणि आपली जिवाणी



एकोडीत ज्यांच्या घरी स्वतःची विहीर आहे, त्यांच्याकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, विहिरीला पाणी आहे, छतावर टाकी आहे, तरी न्हाणीघरात धार करंगळीएवढी. काय करावं?" प्लंबर येऊन काहीतरी सांगतोच. पण या धारेमागचा इतिहास कळला की अर्धं उत्तर आपल्याच हाती येतं. शिवाय आपल्या घरात हा प्रश्न नुसता नळाचा नसतो, चौक्याचा आणि जिवाणीचाही असतो.

आधी पाण्याकडे बघू. आपला भंडारा जिल्हा तलाव-बोड्यांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने इथे धानासाठी तलाव बांधले. आपल्या साकोली तालुक्यातला शिवनीबांध सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तलावाचं पाणी जमिनीत झिरपतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पोचतं. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव 'माजी मालगुजारी', म्हणजे बोलण्यातले 'मामा तलाव' झालं. तलावात गाळ साचला की उन्हाळ्यात विहीरही लवकर खाली जाते. म्हणून घरच्या विहिरीचा विचार गावच्या तलावाला सोडून करता येत नाही.

दोर-बादलीच्या काळात जोराचा प्रश्नच नव्हता. बाईच्या दंडात जेवढा जोर, तेवढं पाणी गुंडात. पाणी आपणहून जोराने यायचं तर ते उंचावर हवं. हे पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या वेळी, १७५० च्या सुमारास, मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं गेलं. कात्रजच्या तलावातलं पाणी केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यात आणि पेठांच्या हौदांत आलं. वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते, अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून. हवा कोंडली की पाणी अडखळतं. आज टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाला वर जी उघडी नळी उभी ठेवतात, ती याच उच्छ्वासाची धाकटी बहीण. कितीतरी घरांत ती बसवलेलीच नसते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. १० मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो. आपल्या एकमजली घरात टाकी नळापेक्षा ४ मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.४ किलो. म्हणून खालच्या नळाला बरी धार येते आणि डोक्यावरच्या शॉवरला येत नाही. विहिरीवर मोठी मोटर बसवली तर टाकी लवकर भरते, नळाचा जोर तेवढाच राहतो, कारण नळाला मोटर दिसतच नाही, टाकीच दिसते.

मोटरचीही एक गंमत आहे. ठरावीक खोलीच्या पुढे पंप पाणी वर ओढू शकत नाही, हे गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात नोंदवलं. त्याचं कारण थोड्याच वर्षांत तोरिचेलीने शोधलं : पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते. ही ढकल १० मीटरच्या आसपास संपते, व्यवहारात ६-७ मीटरलाच. म्हणून वैशाखात पातळी खाली गेली की काठावरची मोटर नुसती घरघरते. तिला विहिरीत खाली घ्यावं लागतं, नाहीतर पाण्यात बुडणारा पंप लावावा लागतो.

१९२६ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी किर्लोस्करांनी सेंट्रिफ्यूगल पंप काढला आणि त्याच वर्षी सोलापूरच्या जैन घराण्यातल्या वालचंद हिराचंदांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी सुरू केली. पुढे १९८० मध्ये जळगावच्या भवरलाल जैनांनी पीव्हीसी पाइपांचं काम हाती घेतलं. पाणी गाळून पिणाऱ्या समाजातल्या माणसांनी पाण्याला वाट करून दिली, याचं मला अप्रूप वाटतं.

पाइपातच तर खरी मेख आहे. अर्ध्या इंचाऐवजी एक इंची पाइप घेतला की पाण्याची वाट चौपट मोकळी होते. जुना लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी नळाच्या जाळ्या साफ करा, मग उच्छ्वास-नळी आहे का बघा, मग टाकीपासूनचा मुख्य पाइप जाड करा आणि वळणं कमी करा. जमत असेल तर टाकी उंच चौथऱ्यावर घ्या. एवढं करून भागलं नाही तरच टाकीखाली छोटा प्रेशर पंप लावा.

आता आपला प्रश्न. आपल्याकडे पाणी दुहेरी कापडातून गाळतात, गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं चालतं, आणि कापडावरचे जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत हळूच सोडतात. वरून फेकत नाहीत. बुडाला कडी असलेली बादली पाण्यापर्यंत उतरवून तिथे उलटी करतात. मुनिमहाराजांच्या आहाराला पाणी लागतं तेही विहिरीचं. रामटेक आणि डोंगरगड यांच्या मधला हा आपला मुलूख. आचार्य विद्यासागर महाराजांची २०२४ मध्ये डोंगरगडला समाधी झाली. या वाटेवर विहार होतो, तेव्हा चौका कुठे लागेल, हे घरात उघडी विहीर आहे की नाही यावर ठरतं. जोर हवा म्हणून विहीर बुजवून बोअर घेतली, तर त्या अरुंद नळीत जिवाणी परत सोडणार कशी?

जोराच्या धारेने गाळणंही नीट होत नाही. कापडावरचे जीव रगडले जातात. म्हणून माझ्या घरी मी दोन वाटा ठेवल्या आहेत. प्रेशर पंप फक्त न्हाणीघराला आणि कपड्यांच्या मशीनला जोडला आहे. स्वयंपाकघराचा नळ थेट टाकीवर, संथ. चौक्याचं पाणी दोर-बादलीनेच, आणि जिवाणी विहिरीत.

दाब चौपट केला की धार साधारण दुप्पट होते. तेवढ्याच वेळच्या आंघोळीला पाणीही दुप्पट लागतं. प्रेशर पंप लावणाऱ्या मैत्रिणींनी आंघोळ बादलीत पाणी घेऊनच करावी. मग जोर बादली लवकर भरण्यापुरता कामी येईल, आणि वैशाखात विहिरीला तळ दिसणार नाही.

जय जिनेंद्र.