आठास एक : म्हसवडच्या वाड्यावस्त्या आणि विशेष शिक्षक

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वाट्याला शिक्षक किती यायचा, हे महाराष्ट्रात दीर्घकाळ शाळेच्या इमारतीवरून ठरत असे. १८८५ मध्ये मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली, १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा. पुढेही अशा बहुतेक शाळा शहरांतच निघाल्या. शिक्षक शाळेत असे आणि मुलाने तिथे यायचे असे. माण तालुक्याच्या पूर्व भागातल्या म्हसवडला १८५७ पासून नगरपालिका आहे, पण भोवतीच्या दुष्काळी मुलखातल्या अंध मुलाला शिकायचे तर घर सोडावे लागे. ज्यांना ते जमले नाही, त्यांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर झाली नाही.

१९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग एकात्म शिक्षण योजना आणली आणि मदतीचा हिशेब इमारतीऐवजी मुलाच्या नावावर होऊ लागला. १९९२ च्या सुधारित योजनेत पुस्तके व लेखनसाहित्यासाठी वर्षाला ४०० रुपये, गणवेशाला २००, प्रवासासाठी महिना ५०, अंध मुलाच्या वाचकासाठी महिना ५० आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाच्या मदतनिसासाठी महिना ७५ रुपये असे दर होते. शिक्षकाचे प्रमाण होते आठ मुलांमागे एक.

शहरातल्या मोठ्या शाळेत आठ मुले एका छताखाली मिळू शकतात. माणदेशात वस्ती विरळ, शाळा लहान. एका वाडीत एक मूल ऐकू न येणारे, तीन कोसांवर दुसरे मतिमंद, तिसऱ्याचे आईवडील मेंढरे घेऊन किंवा ऊसतोडीला दूर गेलेले. ही आठ मुले कागदावर एकत्र आली तरी शिक्षकाचा दिवस रस्त्यावरच जाणार. विरळ वस्तीचा विचार न करता ठरवलेले प्रमाण दुष्काळी तालुक्याला न्याय देऊ शकत नाही, आणि या योजनेची खरी उणीव तीच होती.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. त्यानंतरच्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक मुलामागे वर्षाला १,२०० रुपये, पुढे ३,००० रुपयांपर्यंत तरतूद झाली. या रकमेतून तपासणी शिबिरे, साहित्य आणि शिक्षकाचे मानधन असे सगळेच भागवायचे असे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून फिरते विशेष शिक्षक शाळाशाळांत जाऊ लागले. माणमध्ये तालुक्याचे ठाणे दहिवडीला, म्हसवड दुसऱ्या टोकाला. नेमणूक कंत्राटी, भेटींमध्ये दिवसांचे अंतर. मधल्या दिवसांत मूल वर्गशिक्षकाच्याच भरवशावर. नववी ते बारावीसाठी २००९ मध्ये वेगळी योजना आली. २०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याची मुभा मिळाली, म्हणजे शिक्षकाची वाट आता थेट उंबऱ्यापर्यंत गेली.

डोळ्यांना न दिसणारी अडचण मात्र मागेच राहिली. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना राज्याच्या परीक्षा मंडळाने १९९६ पासून सवलती दिल्या, पण त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मुख्यतः मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत मिळे. म्हसवडच्या मुलाला वाचता येईना, तर त्याला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवणे सोपे होते. अपंगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यांत ही अक्षमताही आली.

२०१८ मध्ये आलेल्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत मुलामागची तरतूद वर्षाला ३,५०० रुपये झाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांची कायम पदे भरण्याचा आदेश दिला. २०२२ च्या अधिसूचनेने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक असे प्रमाण ठरले.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये विशेष शिक्षकाचे पद केंद्रशाळेला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेला, जोडले. राज्यात १९९४ च्या रचनेतील ४,८६० शाळा-केंद्रे आहेत, तितकीच विशेष शिक्षकांची पदे मंजूर झाली आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्यांना त्यांत सामावून घेण्याचे ठरले. माणसारख्या तालुक्यासाठी आजवरचा हा सर्वांत योग्य हिशेब आहे, कारण त्यात मुलांच्या संख्येबरोबर मुलूखही मोजला गेला. केंद्रातल्या शेवटच्या वाडीपर्यंत जायला त्या शिक्षकाला प्रवासखर्च आणि पुरेसे दिवस मात्र द्यायलाच हवेत.