गवत कापायचे की जमीन ओढायची? गार्डन ट्रॅक्टरच्या निवडीचा इतिहास

१/
१९६१ साली अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लुईव्हिलच्या कारखान्यात घडलेले पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे एक ठेंगणे यंत्र बाजारात आले. सात अश्वशक्तीचे इंजिन, चार चाके, एक आसन आणि पोटाखाली गवत कापणारी पाती, एवढाच त्याचा पसारा. नाव होते ‘कब कॅडेट’. ते घडवणारी इंटरनॅशनल हार्वेस्टर ही कंपनी शेतीयंत्रांच्या जगातील बलाढ्य सत्ता होती. पुढे पाव शतकाच्या आत या सत्तेची शेतीशाखा विकली गेली. ठेंगणे यंत्र मात्र टिकले.

२/
ते का टिकले, हे समजण्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो. बागेतल्या यंत्राने केवळ गवत कापायचे आहे, की जमीनही ओढायची आहे? माती सारणे, रूळ फिरवणे, भरलेली ट्रॉली चढावर नेणे, छोटा नांगर चालवणे ही सारी ‘ओढण्याची’ कामे. गेल्या दोनशे वर्षांत ही दोन कामे वेगवेगळ्या वाटांनी वाढली आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर एका यंत्रात येऊन मिळाली.

३/
पहिली वाट कापण्याची. १८३० पूर्वी युरोपातील हिरवळ म्हणजे सरदारी वैभव होते. लांब दांड्याचे विळे घेतलेले मजूर पहाटे दव असतानाच कामाला लागत, कारण ओले गवत पात्याखाली सरळ उभे राहते आणि स्वच्छ कापले जाते. जेथे मजूर नसत तेथे मेंढ्या चरत. विस्तीर्ण, एकसारखी कापलेली हिरवळ दाराशी असणे याचा अर्थ एकच होता : या घरात माणसांचे श्रम विकत घेण्याची ऐपत आहे.

४/
ही मक्तेदारी एका कापडगिरणीने मोडली. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडजवळ थ्रप या गावी एडविन बडिंग हा यंत्रज्ञ राहत असे. लोकरी कापडावरची लव सारखी कातरण्यासाठी तेथील गिरण्यांत फिरत्या पात्यांचे यंत्र वापरले जाई. जे यंत्र कापडाची लव कातरते, ते जमिनीची लव का कातरू शकणार नाही? या विचारातून १८३० मध्ये बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. जॉन फेराबी याच्या भागीदारीत ते तयार होऊ लागले. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालय त्याच्या आरंभीच्या ग्राहकांपैकी एक होते.

५/
बडिंगच्या यंत्राची रुंदी १९ इंच होती. एक एकर हिरवळ कापायची तर एवढ्या रुंदीच्या यंत्रामागे माणसाला सुमारे साडेआठ किलोमीटर चालावे लागते, तेही जड लोखंड ढकलत. म्हणून १८४२ साली स्कॉटलंडमधील आर्ब्रोथच्या अलेक्झांडर शँक्सने २७ इंच रुंदीचे, तट्टू जुंपायचे यंत्र आणले. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून अशा यंत्रांना जुंपलेल्या जनावरांच्या पायांत चामड्याचे बूट चढवले जात. जे जनावर ओढण्यास पुरेसे जड आहे, तेच हिरवळ खराब करते, ही अडचण तेव्हाच लक्षात आली होती.

६/
घोड्याची जागा वाफेने घेण्याचा प्रयत्नही झाला. १८९३ मध्ये लँकाशायरमधील लेलँड येथील जेम्स समनरने वाफेवर चालणाऱ्या गवतयंत्राचे पेटंट घेतले. यंत्र जड होते आणि वाफ तयार होईपर्यंत थांबणे भाग होते. ते फार काळ टिकले नाही, परंतु समनर घराण्याचा उद्योग टिकला. १८९६ मध्ये समनर आणि स्परियर कुटुंबांनी लँकाशायर स्टीम मोटर कंपनी स्थापली. १९०७ मध्ये तिचे नाव लेलँड मोटर्स झाले. भारतातील अशोक लेलँडच्या नावातला ‘लेलँड’ तो हाच. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावलेल्या कित्येक एसटी बसगाड्यांच्या वंशावळीत असा एक गवत कापणारा पूर्वज सापडतो.

७/
१९०२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे गवतयंत्र विक्रीस आणले. त्यावर बसून काम करता येई. तथापि बडिंगपासून रॅन्सम्सपर्यंतची ही सारी परंपरा एकाच कामाची होती. ही यंत्रे स्वतःला पुढे नेत आणि गवत कापत. त्यांच्यामागे फाळ लावण्याचे कारणच नव्हते.

८/
दुसरी वाट ओढण्याची, आणि ती अमेरिकेतील लहान मळ्यांतून निघाली. मोठा ट्रॅक्टर परवडत नाही आणि घोडा पोसणे जड जाते, अशा भाजीपाला पिकवणाऱ्यांसाठी दोन चाकांची, मागे चालत हाकण्याची यंत्रे तयार झाली. वेस्ट व्हर्जिनियातील डनबार येथील बेंजामिन ग्रेव्हली हा व्यवसायाने छायाचित्रकार होता. त्याने स्वतःच्या बागेसाठी असा मोटार-नांगर बनवला, १९१६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि पुढे त्याचाच कारखाना काढला. या यंत्रांची खरी शक्ती इंजिनात कमी आणि दंतचक्रांत अधिक होती. वेग थोडा, पण ओढ मोठी.

९/
दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन वाटा जवळ येऊ लागल्या. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहिली. काही वर्षांत तेथे सतरा हजारांहून अधिक घरे बांधली गेली. प्रत्येक भूखंड साधारण ६० बाय १०० फुटांचा, म्हणजे सुमारे साडेपाच गुंठ्यांचा. घराभोवतीची हिरवळ नियमित कापणे हे तेथील रहिवाशांवर बंधन होते. एके काळचे सरदारी वैभव आता कामगाराच्या दारात आले, आणि त्यासोबत त्याचे कामही आले.

१०/
या हिरवळीची दुसरी बाजू विसरता येत नाही. लेव्हिटटाउनच्या आरंभीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना तेथे राहण्यास मनाई करणारे कलम होते. अपवाद फक्त घरकाम करणाऱ्या नोकरांचा. युद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकालाही तेथे घर मिळत नसे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी वसाहतीचे धोरण लगेच बदलले नाही. नीट कापलेले गवत हे ‘चांगल्या शेजारा’चे लक्षण मानले गेले, पण शेजारी कोणी व्हायचे हे आधीच ठरलेले होते.

११/
साडेपाच गुंठ्यांना ट्रॅक्टर लागत नाही. मागे चालत ढकलायचे यंत्र पुरते. खरी मागणी त्यापलीकडच्या पट्ट्यात होती. शहराच्या कडेला एक-दोन एकर जागा, तीत हिरवळ, भाज्यांचा वाफा, खडीचा रस्ता आणि उत्तरेकडील राज्यांत हिवाळाभर साचणारा बर्फ. अशा घरमालकाला कापणेही हवे होते आणि ओढणेही. शेताचा ट्रॅक्टर येथे अवजड ठरे, तर हलके गवतयंत्र मातीत हात टेकी.

१२/
ही गरज ओळखणाऱ्यांत इंडियाना राज्यातील साउथ बेंडचे पाँड कुटुंब अग्रभागी होते. १९४६ पासून त्यांनी लहान ट्रॅक्टर बनवण्यास आरंभ केला आणि नाव दिले ‘व्हील हॉर्स’. अनेक घोड्यांच्या गाडीत चाकांलगत जुंपलेला, सर्वाधिक भार सोसणारा घोडा म्हणजे व्हील हॉर्स. गाड्याची धुरा वाहणारा बैल ज्याने पाहिला आहे, त्याला या नावातला अभिमान वेगळा सांगावा लागत नाही.

१३/
मग मोठ्या कंपन्या उतरल्या. इंटरनॅशनल हार्वेस्टरकडे ‘फार्मऑल कब’ हा लहान शेतीट्रॅक्टर १९४७ पासून होता. ‘कब कॅडेट’ रचताना इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत कशी न्यायची, हा कळीचा प्रश्न होता. रबरी पट्टा स्वस्त पडला असता. कंपनीने फिरता दांडा, क्लच आणि बिडाच्या कवचातील गिअरबॉक्स निवडला. यंत्र महाग झाले, पण भार आल्यावर घसरणारा पट्टा त्यात उरला नाही.

१४/
जॉन डिअरने १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथे ‘११०’ हे मॉडेल आणले. त्यातही सात अश्वशक्तीचे इंजिन, मात्र शक्ती वाहण्यासाठी पट्टे. पट्टा भाराखाली घसरतो हे खरे, पण झटका बसला की तोच पुढच्या दंतचक्रांना वाचवतो आणि थोडक्या खर्चात बदलता येतो. केस कंपनीने १९६४ मध्ये कोल्ट हा लहान उद्योग विकत घेऊन तेलाच्या दाबावर चालणारी चाके आणली. त्याच सुमारास गिअर न बदलता पुढे-मागे नेणारे हायड्रोस्टॅटिक यंत्रही बाजारात आले. सतत पुढे-मागे करत माती सारणाऱ्यासाठी ते वरदान ठरले. किंमत मात्र अधिक होती.

१५/
पुढे या यंत्रांचे तीन वर्ग स्थिरावले आणि गोंधळही तेथूनच सुरू झाला. पहिले, बसून चालवायचे साधे गवतयंत्र. दुसरे ‘लॉन ट्रॅक्टर’ : दिसायला ट्रॅक्टर, पण घडण गवतापुरती. तिसरे ‘गार्डन ट्रॅक्टर’ : जाड पोलादी चौकट, मोठी मागची चाके, अवजारे जोडण्याची सोय. दुकानात दुसरे आणि तिसरे शेजारी उभे केले की नवख्याला फरक दिसत नसे, कारण दोहोंवरील अश्वशक्तीचे आकडे अनेकदा सारखेच असत.

१६/
येथेच बहुतेकांची फसगत झाली. अश्वशक्ती हा इंजिनाचा गुण आहे. ओढ ही गिअरबॉक्स, आस आणि वजन यांची मिळून होते. हलक्या लॉन ट्रॅक्टरचा अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातील गिअरबॉक्स यंत्र आणि चालक यांना हलवण्यापुरता बेतलेला असतो. त्याला नांगर जोडला तर तो पहिल्या दिवशी मोडत नाही. तो तापतो, दाते झिजतात आणि एखाद्या हंगामानंतर चाके फिरेनाशी होतात. इंजिन मात्र ठणठणीत असते.

१७/
जाणकार हा फरक यंत्र न उघडता ओळखत. मागचे चाक पाहायचे. ते मोटारीप्रमाणे हबला बोल्टांनी आवळलेले असेल, तर यंत्र ओढीसाठी घडले आहे. ते नुसते आसावर सरकवून खिळी आणि टोकाच्या कडीने अडकवले असेल, तर यंत्र गवतासाठी आहे. मग आसाची जाडी आणि गिअरबॉक्सचे कवच पाहायचे. आकर्षक रंग, मऊ आसन आणि इंजिनावरचा मोठा आकडा यांचा क्रम शेवटचा.

१८/
रुंदीचा मोहही तसाच. ३८ इंच रुंदीने एक एकर कापताना यंत्र सुमारे सव्वाचार किलोमीटर फिरते, ४८ इंचाने सव्वातीन. बचत खरी आहे. परंतु जमीन उंचसखल असेल तर रुंद पाती उंचवट्यावरचे गवत मुळापर्यंत खरवडतात, आणि झाडांच्या दाटीत रुंद यंत्र वळत नाही. वजनाचेही तेच. नांगरताना चाके घसरू नयेत म्हणून चाकांवर लोखंडी वजने चढवत, रबरी चाकांत द्रव भरत. तेच वजन ओल्या हिरवळीवर चाकोरी पाडी. शँक्सच्या तट्टाच्या पायातले चामडी बूट सोडवू पाहत होते तो पेच येथे पुन्हा उभा राहिला.

१९/
या निवडीत जीवही पणाला लागत असे. आडव्या उतारावर लहान ट्रॅक्टर कलंडतो; म्हणून बसून चालवायचे यंत्र उतारावर सरळ वर-खाली न्यावे आणि मागे चालत हाकायचे यंत्र आडवे, हा नियम रूढ झाला. चालक आसनावरून उठताच पाती थांबवणारी व्यवस्था पुढे सार्वत्रिक झाली. फिरत्या पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. त्याच्या वाटेत आलेला खडा गोळीसारखा सुटतो. सुरुवातीच्या सुंदर यंत्रांत अशी राखण फारशी नव्हती, हे जुने यंत्र विकत घेणाऱ्याने आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२०/
आता पुन्हा लुईव्हिलकडे. १ नोव्हेंबर १९७९ रोजी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या कामगारांनी संप पुकारला. तो १७२ दिवस चालला. पाठोपाठ व्याजदर चढले, शेतीवर मंदी आली आणि कर्जाचा डोंगर झाला. १९८१ मध्ये कंपनीने ‘कब कॅडेट’ एमटीडी या कंपनीस विकले. १९८४-८५ मध्ये शेतीशाखा टेनेकोच्या हाती जाऊन केसमध्ये विलीन झाली. घर वाचवण्यासाठी आधी धाकटे लेकरू दिले, तरी घर वाचले नाही. दिलेले लेकरू मात्र दुसऱ्या घरी वाढले.

२१/
या कंपनीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९६३ मध्ये, ‘कब कॅडेट’ नुकतेच नाव कमावत असताना, इंटरनॅशनल हार्वेस्टरने महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासह इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापली. महिंद्रच्या ट्रॅक्टरांचा आरंभ तेथून झाला. लुईव्हिलमध्ये हिरवळीसाठी लहान ट्रॅक्टर घडत होता आणि मुंबईत धान्याच्या तुटवड्याशी झुंजणाऱ्या देशासाठी मोठा. जॉन डिअरचेही तसेच. पुण्याजवळ सणसवाडीला तिचा कारखाना आहे, पण तेथे घडतात ते शेतीचे ट्रॅक्टर. एकाच घराण्याची विद्या, पण कोणत्या जमिनीत कोणते काम आहे, यावरून यंत्राचा आकार ठरला.

२२/
१९६०च्या दशकातील ‘कब कॅडेट’, ‘व्हील हॉर्स’ आणि ‘११०’ आजही अमेरिकेत संग्राहकांकडे आहेत, आणि त्यांतील कित्येक अजूनही माती ओढतात. ती टिकली ती त्यांच्या घडणीमुळे. सात-आठ अश्वशक्तीच्या इंजिनामागे त्याला पेलणारी आस, बिडाचे कवच आणि तेलात बुडालेली दंतचक्रे होती. नंतरची अनेक यंत्रे दुप्पट आकडे मिरवत आली आणि दहा-पंधरा वर्षांत भंगारात गेली.

२३/
म्हणून निवड करताना क्रम असा : आधी जमीन मोजावी, मग काम लिहून काढावे, मग उतार पाहावा, मागचे चाक तपासावे, सुटे भाग जवळ मिळतात का याची चौकशी करावी, इंजिनाचा आकडा सर्वांत शेवटी वाचावा. नुसते गवत असेल तर हलके यंत्रच योग्य, जड यंत्र हिरवळीचे नुकसान करील. जमीन ओढायची असेल तर मात्र धुरा वाहणारे जनावरच निवडावे.

लेखनसीमा.